फोडणी घरची, तेल परदेशचे

महिन्याच्या बाजाराची यादी करताना तांदूळ कुठला घ्यायचा यावर आपल्या घरांत चर्चा होते. मिरची संकेश्वरी की ब्याडगी, यावर सासू-सुनेचे दुमत होते. ज्वारी तर ओंजळीत घेऊन, दाणा दाताखाली चावून पाहिली जाते. तेलाची पाळी आली की मात्र एका कंपनीचे नाव आणि लिटरचा आकडा सांगून आपण यादीतल्या पुढच्या ओळीकडे वळतो. ते तेल कशाचे, त्याचे बी कोणत्या मातीत उगवले, याची चौकशी करण्याची सवयच आपल्याला उरलेली नाही.

चौकशी केली तर जे कळते ते विचार करायला लावणारे आहे. भारताला वर्षाला सुमारे २५० लाख टन खाद्यतेल लागते आणि त्यातले १५० ते १६० लाख टन परदेशातून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया-युक्रेनमधून. म्हणजे देशातल्या दर पाच फोडण्यांपैकी तीन परदेशी तेलाच्या. जागतिकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मॉल, मोबाइल आणि पिझ्झा येतो. प्रत्यक्षात ते आपल्या घरात शिरले ते कढईच्या वाटेने, आणि तेही इतक्या मुकाट्याने की कोणाला पत्ता लागला नाही.

एक बी, दोन नावे

आपल्या सीमाभागात तेलबियांचा संसार दोन्ही भाषांत मिळून चालत आला आहे. पुण्या-मुंबईचा माणूस शेंगदाणे म्हणतो, आपण 'शेंगा' म्हणतो आणि तोच शब्द कन्नड शेजारीणही वापरते. करडईला ती कुसुबी म्हणते. आपले कारळे तिचे गुरेळ्ळु, जवस म्हणजे अगसी, तीळ म्हणजे एळ्ळु. ज्वारीची भाकरी म्हणा की जोळद रोट्टी म्हणा, तिच्या कडेला शेंगाची, कारळ्याची आणि जवसाची अशा तीन कोरड्या चटण्या आणि वर कच्च्या तेलाची धार, हे ताट दोन्ही घरांत सारखेच. नागपंचमीला उंडी, संक्रांतीला तीळ, सणासुदीला शेंगाची पोळी, तिकडची शेंगा होळगी. सणांची यादी पाहिली तरी कळते की हा तेलबियांचा मुलूख आहे.

मुलूख तसा खराच होता. हुक्केरी, चिकोडी, गडहिंग्लज भागात खरिपाला भुईमूग, आणि पूर्वेकडे सौंदत्ती, रामदुर्गपासून बागलकोट-विजापूरपर्यंतच्या काळ्या रानात रब्बीला करडई. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या रानाला कडेने करडईच्या ओळी असत. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, म्हणजे कुंपणाचे कुंपण आणि तेलाचे तेल. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची ती वेगळीच.

हे बी गावातल्या घाण्यावर जाई. घाण्याला कन्नडमध्ये गाण म्हणतात आणि तो चालवणारे ते गाणिग, आपल्याकडचे तेली. शेतकरी पोत्यातले बी घेऊन जाई, तेल आणि पेंड घेऊन परत येई. मजुरी पैशात किंवा पेंडीत. पेंड म्हशीला, म्हशीचे दूध घरात, शेण परत रानात. पेंडीला कन्नडमध्ये हिंडी म्हणतात. विजापूर-बागलकोटकडे शेंगाच्या कोरड्या चटणीलाही शेंगा हिंडीच म्हणतात. माणसाच्या ताटातल्या आणि म्हशीच्या गव्हाणीतल्या वस्तूला एकच नाव, इतके ते चक्र जवळचे होते.

भुईमुगाबद्दल एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीसारखेच तेही समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. तेव्हा बाहेरून आलेली वस्तू म्हणजे वाईट, असा सरसकट निकाल देण्यात अर्थ नाही. भुईमूग आला तेव्हा त्याचे बी आले, ते आपल्या रानात रुजले आणि त्यावर आपल्या गावातली माणसे जगली. आज जे येते ते तयार तेल. फरक आहे तो इथे.

पिवळी क्रांती आणि नंतरचा उतार

१९७० आणि ८० च्या दशकांतही देशात तेलाची टंचाई होती. रेशनच्या दुकानातले पामोलिन अनेकांना आठवत असेल. थंडीत ते गोठायचे आणि डब्यातून चमच्याने खरवडून काढावे लागायचे. ही टंचाई संपवण्यासाठी मे १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. सुधारित बियाणे, शेतकऱ्याला बरा भाव, सहकारी संघांमार्फत खरेदी आणि आयातीवर नियंत्रण अशी त्याची चौकट होती. दूधक्रांतीवाल्या डॉ. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने याच काळात 'धारा' हे तेल बाजारात आणले. १९८५-८६ मध्ये सुमारे १०८ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन १९९४-९५ पर्यंत २१० लाख टनांच्या पुढे गेले. नव्वदीच्या सुरुवातीला तेलाची आयात अगदी नाममात्र उरली होती. लोक याला पिवळी क्रांती म्हणू लागले.

ही क्रांती टिकली असती तर या लेखाची गरज पडली नसती. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, शुल्क ६५ टक्के. पुढच्याच वर्षी जवळजवळ सर्व खाद्यतेले खुली झाली आणि शुल्क ३० टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये ते २० टक्के आणि १९९८ मध्ये १५ टक्के झाले. १९९८-९९ पर्यंत आयात ४० लाख टनांच्या पुढे गेली होती. चार-पाच वर्षांत सगळे चित्र उलटले.

याचा सगळा दोष जागतिक व्यापार संघटनेवर ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. ते पूर्ण खरे नाही. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांहून जास्त शुल्क लावणार नाही असे भारताने त्या करारात मान्य केले, हे खरे. पण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा आपण राखून ठेवली होती. म्हणजे दार किती उघडायचे हे बऱ्याच अंशी दिल्लीच्या हातात होते. शहरातला ग्राहक महागाईने ओरडला की दार उघडायचे, शेतकरी ओरडला की थोडे लोटायचे, असेच तेव्हापासून चालू आहे. २००८ मध्ये कच्च्या तेलांवरचे शुल्क शून्य झाले. २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावर ते ४४ टक्के होते. २०२२ च्या महागाईत साडेपाच टक्क्यांपर्यंत उतरले, सप्टेंबर २०२४ मध्ये साडेसत्तावीस झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस साडेसोळा. पेरणी जूनमध्ये करायची आणि काढणी ऑक्टोबरमध्ये, अशा माणसाने या आकड्यांवर कसला भरवसा ठेवावा?

पामतेल स्वस्त का पडते, हेही प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवे. तेलमाडाच्या एका हेक्टरातून साडेतीन ते चार टन तेल निघते. आपल्या कोरडवाहू भुईमुगाच्या हेक्टरातून अर्ध्या टनाच्या आसपास आणि करडईच्या हेक्टरातून त्याच्याही निम्म्याने. त्या झाडाला वर्षभर फळ येते, त्याला बारमाही पाऊस लागतो आणि सुमात्रा-बोर्निओत तो आहे. त्यासाठी तिथली किती जंगले तोडली गेली, हा हिशेब मात्र पाकिटावरच्या किमतीत धरलेला नसतो.

सुट्या तेलाचा शेवट

आयातीचा धक्का घाण्यांना बसत असतानाच दुसरा धक्का आला. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीचे मोहरीचे तेल खाऊन साठाहून अधिक माणसे दगावली. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले होते. देशभर घबराट पसरली आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकण्याचा आदेश निघाला.

आदेशामागचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. भेसळ करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण नियम पाळायला पॅकिंगचे यंत्र, तपासणीची सोय आणि परवाना लागतो. मोठ्या कारखान्याला तो किरकोळ खर्च. दिवसाला दोन-तीन घाणे काढणाऱ्या माणसाला तो डोंगर. किटली घेऊन जायचे, पळीने मापून तेल आणायचे आणि नासके लागले तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगायचे, हा व्यवहार संपला. तेलवाला आणि गिऱ्हाईक यांच्यातला ओळखीचा धागा जाऊन तिथे छापील पाकीट आले. पाकिटावर तारीख असते, वजन असते, हृदयाचे चित्रही असते. तक्रार कोणाकडे करायची, तो माणूस मात्र समोर नसतो.

किराणा दुकानदाराचेही तसेच झाले. पूर्वी रविवार पेठेतला ठोक व्यापारी भाव सांगायचा तो आसपासच्या गिरण्यांची आवक पाहून. आज पामतेलाच्या भावाचे सुकाणू क्वालालंपूरच्या वायदे बाजारात आणि सोयाबीनचे शिकागोत. मंगळूरसारख्या बंदरात बोट लागते, किनाऱ्यावरच्या कारखान्यात तेल शुद्ध होते आणि टँकरने किंवा पंधरा किलोच्या डब्यातून घाट चढून वर येते. दुकानदार या साखळीची शेवटची कडी. मोठ्या साखळी दुकानांनी 'एकावर एक' अशी पाटी लावली की त्याच्या हातात उरते ती उधारीची वही आणि गिऱ्हाइकाशी असलेले जुने संबंध.

या साखळीला झटका बसला की काय होते, ते आपण २०२२ मध्ये पाहिले. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले. तोपर्यंत भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा युक्रेनचा होता. मग २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. त्यांच्याच देशात तेल महागले होते, म्हणून त्यांनी आधी आपल्या माणसांचा विचार केला. त्यात गैर काही नव्हते. बंदी २३ मेपर्यंत टिकली, पण आपल्याकडे तेल लिटरमागे दोनशेच्या घरात गेले आणि हॉटेलांतल्या वड्याचा आकार लहान झाला. सूर्यफुलाची गंमत तर अशी की देशात ते पिकवण्यात कर्नाटक पहिले राज्य. १९९० च्या दशकात भारतात वीस लाख हेक्टरांहून जास्त सूर्यफूल होते. पक्ष्यांचा उपद्रव, १९९७ पासून कर्नाटकात शिरलेला विषाणूजन्य रोग आणि स्वस्त आयात यांत ते दोन-अडीच लाख हेक्टरांवर आले. आपले पीक गेले आणि आवड मात्र राहिली. ती भागवायला काळ्या समुद्राकडे पाहावे लागले.

रानातून काय गेले?

करडईची कथा याहून करुण आहे. भारत हा एके काळी करडई पिकवणारा जगातला आघाडीचा देश, आणि त्यातला बहुतेक वाटा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात सुमारे दहा लाख हेक्टर करडई होती. अलीकडच्या वर्षांत ती एक लाख हेक्टरांच्याही खाली गेली आहे. आज या पिकात पुढे आहे तो कझाकस्तान.

कारणे एकट्या आयातीची नाहीत. काट्यांमुळे करडई काढायला मजूर तयार होत नाहीत. माव्याची कीड पडते. हिडकल आणि नविलुतीर्थ या धरणांचे पाणी आले तिथे उसाने रान घेतले. बेळगाव जिल्ह्यात आज वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. जिथे पाणी नाही तिथे खरिपात सोयाबीन आले. त्याला मेहनत कमी आणि पैसा लवकर. कोणत्याही शेतकऱ्याने हेच केले असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे वाण तयार केले. काट्याची अडचण सुटली तरी पीक परतले नाही, कारण माल विकायला बाजार नाही. बाजार नाही कारण गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही कारण चवच विसरली गेली. वर्गात एकदा कुसुबी म्हणजे काय असे विचारले, तेव्हा साठ मुलांपैकी चौघांचे हात वर झाले. चौघेही खेड्यातून येणारे आणि चौघांनीही 'आजी करते' असेच सांगितले.

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण त्यात तेल जेमतेम अठरा टक्के. बाकी सगळी पेंड, आणि ती जाते कोंबडीच्या खाद्यात. म्हणजे सोयाबीनचा भाव ठरतो तो मुख्यत्वे पेंडीवर. मक्यापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले, त्यांचा उरलेला चोथा स्वस्तात खाद्य म्हणून बाजारात आला आणि सोयापेंडीचा भाव पडला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजारांत शेतकऱ्याला चार-सव्वाचार हजारांत माल द्यावा लागला. शिवाय ही पेंड गावात राहत नाही. पूर्वी बियाबरोबर पेंडही घरी यायची. आता बी ट्रकमध्ये चढले की त्याचा काहीच अंश परत येत नाही. म्हशीला पेंड विकत, घराला तेल विकत.

दाणा जातो, तेल येते

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. भारत दरवर्षी सहा-सात लाख टन शेंगदाणे परदेशी पाठवतो, आणि गेली अनेक वर्षे त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे इंडोनेशिया. आपला चांगला दाणा बोटीने तिकडे जातो आणि तिकडचे पामतेल बोटीने इकडे येते. व्यापाराच्या हिशेबात हे अगदी चोख आहे, कारण दाणा महाग आणि पामतेल स्वस्त. शेतकऱ्याला निर्यातीमुळे चार पैसे जास्त मिळतात, हेही नाकारता येत नाही.

पण परदेशी गिऱ्हाइकाची मर्जी आपल्या हातात नसते. दाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. युरोपचे याबाबतचे नियम आपल्यापेक्षा फार कडक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कारणावरून इंडोनेशियानेही भारतीय शेंगदाण्याची आयात थांबवण्याचा निर्णय घेतला. शेंगा ओल्या असताना पोत्यात भरू नयेत, नीट वाळवाव्यात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आता तेच आपल्याला प्रयोगशाळेच्या अहवालातून शिकावे लागते.

भाऊ विकतो, बहीण विकत घेते

या सगळ्यात खरा पेच कुठे आहे, ते एखाद्या घरात डोकावले की कळते. भाऊ गावी सोयाबीन किंवा भुईमूग करतो. बहीण शहापुरात किंवा वडगावात राहते, तिच्या घरी महिन्याला पाच लिटर तेल लागते. आयात शुल्क वाढले की भावाच्या मालाला भाव येण्याची आशा आणि बहिणीच्या खर्चात वाढ. शुल्क उतरले की बहिणीला दिलासा आणि भावाच्या तोंडचे पाणी पळाले. राखीपौर्णिमेला एका ताटावर बसणाऱ्या दोघांचे हित सरकारी अधिसूचनेच्या एका ओळीने एकमेकांविरुद्ध उभे राहते. शेतकरी आणि ग्राहक ही अर्थशास्त्राच्या पुस्तकातली दोन प्रकरणे असतील. आपल्या भागात ती एकाच घरातली दोन माणसे आहेत.

म्हणूनच 'परदेशी तेल बंद करा' अशी घोषणा देणे सोपे आणि निरर्थक आहे. मजुरी करणाऱ्या घराला स्वस्त पामोलिनने आधार दिला. पूर्वी सणालाच तळण होत असे, ते त्या घरात आता चार दिवसांनी होऊ शकते. २००८ मध्ये केंद्राने रेशनवर किलोमागे १५ रुपये सवलतीने तेल दिले तेही पामोलिनच. गरिबाच्या कढईकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्याची दुसरी बाजू अशी की स्वस्ताईने आपल्या सर्वांचेच प्रमाण सुटले. १९९० च्या सुमारास माणशी वर्षाला सहा किलोच्या आसपास तेल लागत होते, ते आता एकोणीस-वीस किलोंवर गेले आहे. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला माणशी २० ते ३० ग्रॅम पुरे म्हणते. म्हणजे वर्षाला सात ते अकरा किलो. उरलेले तेल फरसाण, बिस्किटे, बेकरीचा माल आणि हॉटेल यांतून पोटात जाते. त्यातले बहुतेक पामतेल असते, कारण ते स्वस्त आणि टिकाऊ.

घाणा परत आला, पण कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत शहरांतून 'लाकडी घाण्याचे तेल' अशा पाट्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बैलाच्या जागी विजेची मोटर आहे, एवढाच फरक. अशाच एका घाण्यावर ऐकलेला हा संवाद.

"काका, सव्वातीनशे? दुकानात दीडशेला मिळतंय की!"

"मिळतंय वहिनी. पण अडीच किलो दाणे दीडशेला कुठं मिळतात, तेवढं मला सांगा. मी पण तिथनंच आणतो."

काकांचे गणित बरोबर होते. किलोभर शेंगतेलाला घाण्यावर सुमारे अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो धरले तर तिथेच सव्वातीनशे झाले. मजुरी आणि वीज निघते ती पेंडीतून. याहून कितीतरी स्वस्त दरात कोणी 'शुद्ध घाण्याचे शेंगतेल' देत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

घाण्याच्या तेलाला देवत्व द्यायचेही कारण नाही. दाणे खवट किंवा बुरशीचे असतील तर तेलही तसेच येते. रिफायनरीत ते विष निघून जाते, घाण्यावर नाही. हे तेल फार दिवस टिकत नाही आणि सारखे तळणासाठी ते वापरू नये. त्याचे मोल आहे ते चवीत, बी समोर पाहता येण्यात आणि पैसा आपल्याच भागात फिरण्यात. पण एकेकाळी गावातल्या प्रत्येकाचे असलेले तेल आज ऐपतीची वस्तू झाले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

घरच्या घरी एवढे करता येईल

मध्यम ऐपतीच्या घराला मात्र एक हिशेब करून पाहता येईल. चौघांच्या घराला पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे महिन्याला तीन लिटर तेल पुरते. आज पाच लिटर पाकिटाचे तेल दीडशे दराने घेतले तर साडेसातशे होतात. त्याऐवजी दोन लिटर घाण्याचे आणि एक लिटर पाकिटाचे घेतले तर आठशे. पन्नास रुपयांचा फरक. खर्च जवळजवळ तोच, तेल कमी आणि पैसा शेजारच्या गावात.

पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची सवय मुलांना लावावी. दोन तेलांचे मिश्रण कायद्याने विकता येते आणि त्यात मोठ्या नावाचे तेल वीस टक्केच असू शकते. बिस्किटांच्या पुड्यावर 'पामतेल' किंवा 'पामोलिन' शोधणे हा मुलांना खेळ वाटतो आणि भूगोलाचा धडाही होतो.

गावी नातेवाईक भुईमूग किंवा करडई करत असतील तर पेरणीआधीच 'आमच्यासाठी एक पोते ठेवा' असे सांगून ठेवावे. चार घरांनी मिळून बी घेतले आणि मजुरीवर गाळून आणले तर तेल स्वस्त पडते आणि पेंडही मिळते. बाजारात भाव कोसळला तरी त्या एका पोत्याचा भाव आधी ठरलेला असतो. भाऊ-बहिणीचा पेच निदान तेवढ्यापुरता सुटतो.

सरकारकडून मागायचे तेही स्पष्ट मागावे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने तेलमाडाच्या लागवडीसाठी ११,०४० कोटींचे अभियान मंजूर केले. तेलमाडाला पाणी लागते. आपल्या कोरडवाहू रानाला करडई, कारळे, जवस परवडतात. वसतिगृहे, अंगणवाड्या आणि शाळांचा पोषण आहार यांसाठी याच जिल्ह्यातले तेल घेतले तर या पिकांना हक्काचे गिऱ्हाईक मिळेल. आयात शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि काढणीपर्यंत त्याला हात लावू नये, ही मागणी दोन्ही राज्यांतल्या आणि दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांनी एकत्र करण्याजोगी आहे. बोर्डावरचे अक्षर कोणते, यावरून आपल्यात वाद होतात. बाजार समितीच्या काट्यावर मात्र दोघांच्याही मालाला एकच भाव मिळतो.

येत्या मार्गशीर्षात येळ्ळ अमावास्येला रानात जाणारी कुटुंबे नेहमीप्रमाणे सज्जक, भाकरी, भाजी आणि चटण्या बांधून नेतील. या वर्षी जाताना मुलांना एवढे विचारावे, की चटणीतले कारळे कुठल्या रानातले आणि तिच्यावरचे तेल कुठले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना घरात मिळेल. दुसऱ्याचे शोधायला आपणही त्यांच्याबरोबर बसावे.